दक्षिण मद्रास ते दोहा : मुरासोली मारन यांची ३६ वर्षं

१९६७च्या निवडणुकीत सी. एन. अण्णादुराई दक्षिण मद्रासमधून लोकसभेवर निवडून आले खरे, पण त्यांच्या द्रमुकनं राज्यच जिंकलं आणि अण्णांना दिल्लीऐवजी फोर्ट सेंट जॉर्जची वाट धरावी लागली. मुख्यमंत्री झालेल्या अण्णांनी सोडलेल्या जागेवर पोटनिवडणूक लागली. पक्षानं उभं केलं ते तिशीतल्या एका पत्रकाराला. करुणानिधींचा भाचा, त्यांच्याच ‘मुरासोली’चा संपादक, शिवाय तमिळ सिनेमासाठी लेखन करणारा. पत्राचं नाव मारन यांच्या नावामागे लागलं ते कायमचंच.

आपल्याकडे त्या वेळी शिवसेना जेमतेम एक वर्षाची होती आणि मुंबईत ‘मद्राशां’च्या नावानं खडे फुटत होते. पुढे ३२ वर्षांनी शिवसेना आणि द्रमुकचे मंत्री वाजपेयींच्या एकाच मंत्रिमंडळात बसले. प्रादेशिक पक्षांना दिल्ली काय काय शिकवते, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा.

मारन संसदेत गेले तेव्हा पक्षानं स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडून चारच वर्षं झाली होती. फुटून निघायचं नाही हे ठरलं, पण मग राहायचं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मारन यांची पहिली दहा वर्षं गेली. अण्णांनंतर मुख्यमंत्री झालेल्या करुणानिधींनी १९६९ साली केंद्र-राज्य संबंधांवर राजमन्नार समिती नेमली. १९७४ साली विधानसभेनं राज्यांच्या स्वायत्ततेचा ठराव केला आणि त्याच वर्षी मारन यांचं तमिळ पुस्तक आलं, ‘मानिल सुयाट्ची’, म्हणजे राज्यांची स्वायत्तता. घोषणा देणारे पक्षात पुष्कळ होते. घोषणेमागचा अभ्यास करणारे थोडे. मारन त्या थोड्यांतले. मागणीचं सार इतकंच, की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना न विचारता तो दूर बसून घेतला जाऊ नये. केंद्राचं उत्तर ३१ जानेवारी १९७६ला आलं. आणीबाणीत द्रमुकचं सरकार बरखास्त झालं, पक्षाची माणसं मिसाखाली तुरुंगात गेली. त्यांत करुणानिधींचे पुत्र स्टालिन होते, मारनही होते.

१९७७ साली दक्षिण मद्रासची जागा काँग्रेसच्या आर. वेंकटरामन यांच्याकडे गेली आणि मारन राज्यसभेत आले. तिथे ते १९९५पर्यंत राहिले. या काळातली बरीच वर्षं राज्यात एम. जी. रामचंद्रन यांचं राज्य होतं, द्रमुक बाहेर होता. अशा पक्षाला दिल्लीत कोण विचारणार? तरीही विरोधकांच्या प्रत्येक जुळवाजुळवीत मारन असत. सप्टेंबर १९८८मध्ये राष्ट्रीय आघाडीची सुरुवात मद्रासमध्ये झाली, ती उगाच नाही. गंमत पुढेच आहे. १९८९च्या लोकसभा निवडणुकीत द्रमुकला एकही जागा मिळाली नाही, पण विश्वनाथ प्रताप सिंहांच्या मंत्रिमंडळात नगरविकास खातं मारन यांना मिळालं. मतपेटीत शून्य आणि कॅबिनेटमध्ये खुर्ची! याला त्यांचं कौशल्य म्हणा किंवा मामांचा वशिला. मला वाटतं, दोन्ही होतं.

१९९६ साली ते मध्य चेन्नईतून लोकसभेत परतले आणि देवेगौडा, मग गुजराल यांच्याकडे उद्योगमंत्री झाले. मारुतीच्या व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीवरून सुझुकीशी त्यांनी घेतलेला पंगा गाजला. तो मिटला त्यांच्यानंतर. पण त्या दोन वर्षांत खरी कसोटी लागली ती जैन आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर. राजीव गांधींच्या हत्येच्या संदर्भात त्यात द्रमुकवर ठपका होता. द्रमुकच्या मंत्र्यांना काढा, असा काँग्रेसचा हट्ट. गुजराल यांचा नकार. नोव्हेंबर १९९७मध्ये पाठिंबा गेला आणि सरकार पडलं. एका प्रादेशिक पक्षाच्या मंत्र्यांपायी केंद्र सरकारनं खुर्ची सोडावी, हे १९७६मध्ये कुणाला खरं वाटलं नसतं.

१९९९मध्ये भाजपशी हातमिळवणी. पेरियारांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाला ही कसरत कशी जमली, याचं समाधानकारक उत्तर द्रमुकनं कधी दिलं नाही. मारन यांना वाणिज्य व उद्योग खातं मिळालं आणि ते लगेच सिएटलला गेले. जागतिक व्यापार संघटनेची ती परिषद उधळली. पुढची परिषद दोहाला, नोव्हेंबर २००१मध्ये, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला दोन महिने झालेले. श्रीमंत देशांना गुंतवणूक, स्पर्धा धोरण, सरकारी खरेदी आणि व्यापार सुलभीकरण हे चार ‘सिंगापूर विषय’ वाटाघाटींत हवे होते. मारन नाही म्हणाले. बरोबरचे देश एकेक करून गळत गेले, परिषद एक दिवस लांबली, तरी ते हलेनात. अखेर कतारच्या अध्यक्षांना खुलासा करावा लागला, की या विषयांवर स्पष्ट सहमतीशिवाय वाटाघाटी सुरू होणार नाहीत आणि एखादा देशही त्या रोखू शकेल. भारत एकाकी पडला, अशी टीका झाली; ती अगदीच खोटी नव्हती. पण २००३ला कानकुनची परिषद याच विषयांवर मोडली आणि २००४ साली चारपैकी तीन विषय सोडून द्यावे लागले.

मला यात १९७४चंच पुस्तक दिसतं. दिल्लीनं चेन्नईचे निर्णय परस्पर घेऊ नयेत म्हणणारा माणूस जिनिव्हातल्या व्यापार संघटनेनं दिल्लीचे निर्णय घ्यायलाही विरोधच करणार. फुटीरतेचा शिक्का बसलेल्या पक्षाच्या खासदारानं देशाची बाजू इतक्या चिकाटीनं लढवली याचं अनेकांना नवल वाटलं. मला त्या नवलाचंच नवल वाटतं.

चीनचा कित्ता गिरवत २०००च्या निर्यात धोरणात विशेष आर्थिक क्षेत्रांची कल्पना आणली तीही मारन यांनीच. तिचं पुढे काय झालं ते रायगडकरांना विचारावं. सप्टेंबर २००८मध्ये पेण परिसरातल्या २२ गावांत अशाच एका क्षेत्रासाठी जमिनी घेण्यावर जनमत घ्यावं लागलं. स्वायत्ततेच्या पुरस्कर्त्याच्या योजनेत ज्यांच्या जमिनी जाणार त्यांना विचारायची सोय नसावी, हे त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं न्यून मी मानतो.

नोव्हेंबर २००२मध्ये आजारपणामुळे खातं गेलं, पण बिनखात्याचे मंत्री म्हणून ते राहिले. ह्यूस्टनमध्ये उपचार झाले, आणि २३ नोव्हेंबर २००३ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं. महिनाभरात द्रमुक वाजपेयी सरकारातून बाहेर पडला. २००४ला मध्य चेन्नईतून त्यांचे धाकटे चिरंजीव दयानिधी निवडून आले आणि पहिल्याच खेपेला केंद्रात दूरसंचार मंत्री झाले. त्यासाठी त्यांना कुठलंही पुस्तक लिहावं लागलं नाही.