हारवेस्टर बोलावण्याआधी

तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात एक भाऊ मॉयलच्या मँगनीज खाणीत पाळी करतो, तर दुसरा धानाच्या बांधीत उतरतो. यंत्राशी या गावाची जुनी ओळख. म्हणूनच तिथल्या शेतकऱ्यांना मी नेहमी आमिश लोकांची हकिकत सांगतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात लँकेस्टर नावाचा जिल्हा आहे. तिथे हे आमिश पंथाचे शेतकरी सुमारे तीनशे वर्षांपासून वस्ती करून आहेत. नांगराला घोडे नाहीतर खेचरे, बाजाराला घोडागाडी. घरात तारेची वीज नाही. कुणाचे कोठार जळाले तर सारी वस्ती धावून येते, पुरुष लाकूडकाम करतात, बाया रांधतात, आणि नवे कोठार उभे राहते.

यंत्राचे त्यांना वावडे आहे असे मात्र समजू नका. गवताचे गठ्ठे बांधणारे यंत्र ते इंजिनावर चालवतात, पण ओढायला घोडेच! टेलिफोनही पुष्कळांनी घराबाहेर खोपटात ठेवला आहे. काय घ्यायचे, काय नाही, हे वीस-चाळीस कुटुंबांची मंडळी मिळून ठरवते. मुलांची शाळा ते आठवीनंतर थांबवतात, ती गोष्ट मला पटत नाही. आपल्या लेकरांना शिकवाच.

मिळून ठरवण्याची रीत पाहायला एवढ्या दूर जायला नको. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव पाहा. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालते. याच गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले.

आता आपल्या बांधीकडे वळू. हारवेस्टर धान झटपट कापतो, मजूर मिळत नाहीत तेव्हा तो हवाच. पण तणस बांधीत विखुरते, कुणीतरी काडी लावतो, आणि उन्हाळ्यात गोठ्यातली गाय उपाशी. कापणीवर वर्षाची मिठमिरची चालवणाऱ्या बाईचे काय? हा हिशेब एकट्या शेतकऱ्याच्या वहीत दिसत नाही.

रोवणी उरकली की ग्रामसभेत हा विषय घ्या. कोणत्या बांध्या यंत्राला, कोणत्या विळ्याला, तणस कोण गोळा करणार, हे बोला. आणि कापणीला जाणाऱ्या बायांना आधी बोलू द्या.