तळ्याचा काठ पाण्यापर्यंत नांगरू नका

शेतकरी बंधूंनो, दिवाळी सरली की तलावाचं पाणी मागं हटू लागतं आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर आपली नजर जाते. साहजिक आहे. गाळपेराच्या जमिनीत हरभरा, ज्वारी फारसं खत न घालता येते. पाटबंधारे खातं ही जमीन भाडेपट्ट्यानं देतंही. पण पट्टा असो वा नसो, पाणी जसं आटतं तसा ट्रॅक्टर त्याच्या मागोमाग जातो. कडेचा लव्हाळा, पाणकणीस, गवत सगळं निघून जातं, आणि घात होतो तो तिथंच.

हा काठ म्हणजे पडीक जागा नव्हे. पावसाचं गढूळ पाणी गवतातून आलं की बरीच माती तिथंच थांबते. काठ उघडा असला की तीच तळ्यात जाऊन बसते. मरळीसारखा मासा गवताच्या आडोशाला अंडी घालतो. काठ साफ केलेल्या तळ्यात जाळ्याला काय लागतं, ते भोई बांधवांना विचारा. चतुराची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, बगळे शिवारातले नाकतोडे टिपतात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, चक्रवाक, थापट्या हे सारे उथळ पाण्यात अन् चिखलातच चरतात. हंस कधी कोवळ्या हरभऱ्या-गव्हावरही उतरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. राखण करा, डबा वाजवा. पण फासे आणि विष नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे.

मात्र तळ्यासाठीही कायदा आहे, सरकार बघेल, असं म्हणून बसू नका. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे नांदेड-लातूरचे पाझर तलाव, साठवण तलाव, मध्यम प्रकल्प त्यात बसत नाहीत. मग राखणार कोण? गावच.

माणसानं बांधलेलं तळं कमी प्रतीचं, असंही नाही. आपल्याच गोदावरीवर वर नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा ब्रिटिश काळात पाण्यासाठी बांधला. गाळ साचून तिथं उथळ दलदल झाली, पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. २०२० मध्ये रामसर यादीत जाणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली. आणि आपल्या कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळातला!

पाणी पार तळाला गेलं की काय होतं, ते लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती वेळ दुष्काळानं आणली, हे खरं. पण मृतसाठ्यात मोटारी टाकायच्या की नाहीत, हे तर आपल्या हातात आहे.

सरपंच, तलाठी मंडळींनी गाळ काढताना जेसीबीवाल्याकडे लक्ष ठेवावं. काळा गाळ शेतात जाऊ द्या. खालचा चिकण थर फोडला की तळं झिरपतं. काठाचा उतार सपाटसा ठेवावा, सरळ खड्डे करू नयेत. बेशरम मात्र खुशाल मुळासकट उपटा, तिला जनावरही तोंड लावत नाही. आणि सोयाबीनवर तणनाशक मारून झालं की पंप तळ्यात धुवायची जी सवय पडली आहे, ती आजच मोडा. तेच पाणी आपली गुरं पितात.

काठाची किती पट्टी सोडायची, मोटारी कोणत्या पातळीला बंद करायच्या, हे गावानंच ठरवायचं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्या. गाळपेराचे ट्रॅक्टर त्यानंतरच निघतात.