पारपटलाचा परजीवी संसर्ग : आधी निदान, मग औषध

पेडणे व डिचोली तालुक्यांत सरदाची कापणी असो वा वायंगणाची मळणी, भाताचे कुसळ अथवा मातीचा कण डोळ्यात जाणे हा नित्याचाच प्रकार होय. अशा वेळी शेतातील पाटाच्या किंवा तळीच्या पाण्याने डोळा धुतला जातो. बहुधा तेवढ्याने भागते. क्वचित मात्र त्या पाण्यातूनच दृष्टीवर घाला घालणारा एक सूक्ष्म परजीवी डोळ्यात शिरतो.

अकँथामिबा हे त्याचे नाव. माती व पाणी ही त्याची स्वाभाविक वसतिस्थाने. बुबुळावरील पारदर्शक पडद्यास, म्हणजेच पारपटलास, ओरखडा पडला की हा जीव तेथे मूळ धरतो. हा रोग प्रथम १९७३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका पशुपालकाच्या जखमी डोळ्यात ओळखला गेला. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आढळतो. भारतात मात्र लेन्स न वापरणारे, मातीपाण्यात राबणारे लोकच त्यास अधिक बळी पडतात.

डोळा लाल होणे, पाणी गळणे, उजेड सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. वेदना पुष्कळदा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच तीव्र असते. पुढे पारपटलावर पांढरट कडे उमटू शकते. तथापि हर्पिस विषाणूचा किंवा बुरशीचा व्रणही असाच भासत असल्याने केवळ पाहून निदान करणे धोक्याचे ठरते. म्हणून नेत्रतज्ज्ञ डोळा बधिर करून व्रणाची अल्पशी खरवड घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीत परजीवीचे दुहेरी भिंतीचे कोष दिसतात. जंतूंचा थर पसरलेल्या आगरवर ही खरवड ठेवल्यास अमिबा ते जंतू खात सरकतो आणि त्याचा माग उमटतो.

हे कोष औषधांस सहजी दाद देत नाहीत. उपचार कित्येक महिने चालतात. निदानापूर्वीच स्टेरॉइडचे थेंब घातल्यास लाली उतरते, रुग्णास बरे वाटते, व्याधी मात्र आत फोफावते. अखेरीस डोळ्यात फूल पडते व प्रसंगी पारपटलाचे रोपण करावे लागते.

यास्तव इजा झालेला डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. त्यात दूध, मध, झाडपाल्याचा रस अथवा दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालू नयेत. वेदना वा लाली राहिल्यास विनाविलंब नजीकचे सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. तेथून गरजेनुसार बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात जाता येते. डोळ्यात काय गेले व तो कोणत्या पाण्याने धुतला, हे डॉक्टरांस अवश्य सांगावे. अचूक निदानाची पहिली पायरी तीच होय.