गोदरेज एरोस्पेस : कुलूपकारांचे विमानकाम

विमाने, रॉकेट आणि क्षेपणास्त्रे यांचे भाग बनवणारा गोदरेज एरोस्पेस हा मुंबईच्या गोदरेज अँड बॉईस कंपनीचा विभाग आहे. 1985 मध्ये विक्रोळीत त्याचे काम सुरू झाले. पण ज्या कसबावर तो उभा राहिला, ते घडले लालबागमध्ये, आजच्या कॉटन ग्रीन स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

कंपनीचे संस्थापक अर्देशिर गोदरेज वकिली सोडून कारखानदारीत उतरले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला. हत्यारांवर ती भारतात बनल्याची मोहोर हवी, हा त्यांचा आग्रह ग्राहकाला मान्य नव्हता. मग मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी 1897 मध्ये लालबागच्या गॅस कंपनीशेजारी सुमारे 215 चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपांचे काम सुरू केले.

लिव्हरच्या कुलपात धातूच्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीपर्यंत उचलतो. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या, तरच खिटी सरकते. एखादी पट्टी केसभर वर-खाली राहिली, तरी कुलूप उघडत नाही. मापाची ही शिस्त गोदरेजच्या कामगारांच्या हातात बसली ती या कुलपांमुळे.

1902 पासून तिजोऱ्या बनू लागल्या. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन आग लागली. त्या आगीत सापडलेल्या गोदरेज तिजोऱ्यांमधील ऐवज शाबूत निघाला आणि कंपनीचे नाव घरोघरी गेले. त्याआधी 1943 मध्ये अर्देशिरांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली होती. तिथे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या, आणि 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर. एवढे नाजूक, एकमेकांत गुंतलेले भाग बनवायचे तर साचे, डाय, जिग आणि मापयंत्रे स्वतःची हवीत. त्यातून कसलेली टूलरूम उभी राहिली आणि अवकाशकामाचा पाया तिनेच घातला.

1974 मध्ये इस्रोने फ्रान्सशी करार केला. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंते तिथे व्हायकिंग इंजिनाचे तंत्र शिकले आणि त्यातून ‘विकास’ इंजिन साकारले. त्याचे भाग भारतीय कारखान्यांतच व्हावेत, असे इस्रोने ठरवले. गोदरेजने ते काम अंगावर घेतले. विकासमध्ये दोन द्रव एकत्र येताच पेट घेतात. वेगाने फिरणारा टर्बोपंप ते दाबाने ज्वलनकक्षात ढकलतो आणि सुमारे 80 टनांचा रेटा निर्माण होतो. जोडकामात सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली, तरी एवढ्या दाबाखाली तिथेच चीर जाऊ शकते. म्हणून वेल्डिंगचे सांधे क्ष-किरणांनी तपासले जातात. पीएसएलव्ही रॉकेटचा दुसरा टप्पा विकासवर चालतो. 2008 चे चांद्रयान-1 आणि 2013 चे मंगळयान त्याच रॉकेटने गेले. 2023 मध्ये चांद्रयान-3 नेणाऱ्या एलव्हीएम-3 मध्ये अशी दोन इंजिने होती. क्रायोजेनिक इंजिनांचे भाग आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सांगाड्याचे भागही विक्रोळीत बनतात.

नागरी विमानांचे काम त्यानंतर वाढले. जनरल इलेक्ट्रिक आणि रोल्स-रॉइस यांच्या जेट इंजिनांसाठी गोदरेज भाग पुरवते. युनिसन रिंग हा त्यांतलाच एक. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये हवेला दिशा देणारी पाती असतात. इंजिनाचा वेग बदलला की त्यांचा कोन बदलावा लागतो, आणि तोही सर्व पात्यांचा एकदम. आवरणाभोवतीची ही कडी थोडीशी फिरते आणि छोट्या दांड्यांमार्फत सगळी पाती एकाच मापाने वळवते. टायटॅनियम आणि निकेलचे मिश्रधातू कापताना उष्णता हत्याराच्या धारेवरच साठते, धार लवकर झिजते. त्यामुळे कापण्याचा वेग, धार आणि थंडाव्याचे द्रव यांचे गणित प्रत्येक भागासाठी नव्याने मांडावे लागते. धातूचा मूळ गठ्ठा कोणता, कोणत्या यंत्रावर काम झाले, तपासणी कोणी केली, ही नोंद भागासोबत कायम राहते. पुढे कधी दोष आढळला, तर त्या नोंदीवरून त्याच गठ्ठ्याचे सगळे भाग शोधून काढता येतात.

2023 मध्ये कावेरी या देशी जेट इंजिनाच्या 48 किलोन्यूटन क्षमतेच्या आवृत्तीसाठी आठ मॉड्यूल बनवण्याचे काम डीआरडीओने या विभागाकडे दिले. हे इंजिन मानवरहित विमानांसाठी आहे. जेट इंजिनाची संपूर्ण रचना देशात करण्याच्या प्रयत्नातला हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. आजवर परदेशी नकाशांवरून जेट इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या हातांना इथे भारतीय नकाशावरून इंजिनाचे मोठे विभाग जोडायचे आहेत.