सांध्यावरचे आडनाव

मराठीत 'ज' एकच लिहितात, पण त्याचे उच्चार दोन. आमच्या जांभूळ गावाच्या नावात तो 'जग'सारखा दातांशी येतो, 'जीव'मध्ये टाळूशी. परका माणूस कागदावर 'जांभूळ' वाचतो तेव्हा तो हमखास दुसरा 'ज' उचलतो, आणि 'ळ'चा 'ल' करतो. नावांचे असेच असते. ती माणसांबरोबर प्रवास करतात आणि वाटेत त्यांचा उच्चार बदलतो.

हे आठवायचे कारण म्हणजे गुडघे. हल्ली घरोघरी कोणी ना कोणी गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेले असते. त्या कृत्रिम सांध्यांवर परदेशी आडनावे असतात आणि ती वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. त्यातली दोन आडनावे एकाच गावातली आहेत.

अमेरिकेत इंडियाना राज्यात वॉर्सा नावाचे छोटे शहर आहे. तिथे 1895 मध्ये रेव्रा डिप्यू यांनी मोडलेले हाड बांधण्यासाठी तंतूंच्या तयार पट्ट्या बनवायला सुरुवात केली. त्याआधी डॉक्टर पिंपाच्या लाकडी फळ्या तासून वापरत. डिप्यूंकडे विक्रीचे काम करणारे जस्टिन झिमर पुढे वेगळे झाले आणि 1927 मध्ये त्यांनी त्याच शहरात स्वतःची कंपनी काढली. आज वॉर्सा हे कृत्रिम सांध्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

'डिप्यू' हे मूळ फ्रेंच आडनाव. फ्रेंचमध्ये 'प्वी' म्हणजे टेकडी, म्हणून 'द्यु प्वी' म्हणजे टेकडीवरचा. आपल्याकडचे डोंगरेच म्हणा ना! अमेरिकेत त्याचे 'डिप्यू' झाले. रोमन अक्षरे पाहून आपण 'डेपुय' म्हणतो, ते फ्रेंचही नाही आणि अमेरिकनही नाही.

'झिमर' हे आडनाव जर्मन. जर्मनीत त्याचा उच्चार साधारण 'त्सिमर' होतो. मराठी माणसाला तो अवघड नाही. 'चाक'मधला दातांशी येणारा 'च' घ्या आणि त्याला इकार जोडा. आजच्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ खोली, पण जुना अर्थ बांधकामाचे लाकूड. वखारीच्या पाटीवरचा 'टिंबर' हा त्याचाच भाऊबंद. लाकूडकाम करणाऱ्याला हे आडनाव चिकटले. आमच्यात अत्तार, बागवान, शिकलगार, तुमच्यात सुतार, लोहार. धंद्यावरून आडनाव पडण्याची रीत सगळीकडे सारखीच.

मी कवी असल्याने मला उच्चाराचा सोस आहे. पण इथे उच्चारापेक्षा मोठी गोष्ट आहे. 1998 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने डिप्यू कंपनी विकत घेतली. या कंपनीचा 'एएसआर' नावाचा धातूचा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अंश रक्तात उतरत होते. भारतात अशा सुमारे 4700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. 2017 मध्ये केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. पुढे भरपाईही ठरली. पण ती द्यायची कोणाला? बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागेना. आपल्या शरीरात कोणाच्या नावाचा सांधा आहे, हे अनेकांना कधी कळलेच नव्हते.

सांध्याच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यांवर कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार आणि क्रमांक छापलेला असतो. त्यातली एक रुग्णालयाच्या कागदांवर लागते. घरी जाताना तिची प्रत मागून घ्या. रेशनकार्डाबरोबर ती जपून ठेवा, आणि कुठे ठेवली ते मुला-सुनेला सांगा. डिप्यू म्हणा, डेपुय म्हणा, डॉक्टर समजून घेतील. क्रमांक मात्र अंदाजाने सांगता येत नाही.