अकरा माणसं, दोन रात्री

हर्णै. दोन रात्री. अकरा माणसं. निकाल : २.

माझ्या कामाची सुरुवात अशा ओळीपासून होते. कोकणातली घरं पर्यटकांना राहायला मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर कोण काय शोधतं, याची नोंद आपोआप होत असते. त्या नोंदी वाचणं हे माझं काम. या पाहुण्यानं दोन्ही घरं उघडून पाहिली. मग ‘समुद्राजवळ’ ही अट काढली. मुरूडला शोधलं, कर्द्यात शोधलं, शुक्रवारऐवजी शनिवार करून पाहिला. सहाव्या प्रयत्नानंतर नोंद संपते. बुकिंग नाही.

विक्रीच्या हिशेबात या माणसाचा मागमूस नसतो. गिऱ्हाईक “नाही का? बरं,” म्हणून वळलं की गल्ल्यात काही पडत नाही, तसंच. घरंच दहा असतील तर बुकिंग दहाच्या वर जाणार नाही, मग मागणारे दहा असोत की शंभर. आकडे असे मर्यादेला टेकून थांबले की नेहमीची गणितं चुकतात, हे जेम्स टोबिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९५८ सालीच मांडलं होतं.

शून्य निकाल असेल तर प्रश्न सोपा. घोळ होतो तो दोन, चार, सात निकालांचा. किती घरं दिसली म्हणजे पुरेशी? आणि माणूस घरं कमी म्हणून गेला, की चहा पिता पिता नुसतंच बघत होता?

सुरुवातीला मी साधा आलेख काढला : आडवी निकालांची संख्या, उभं बुकिंगचं प्रमाण. रेघ उलटीच गेली. घरं कमी तिथं बुकिंग जास्त! क्षणभर वाटलं, आता घरं लपवायची की काय. उलगडा सावकाश झाला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरं कमी दिसतात, कारण बाकीची भरलेली असतात. आणि तेव्हा शोधणारा बॅग भरूनच बसलेला असतो, मिळेल ते घेतो. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी घरं ढीगभर, पण शोधणारे हौशी. कमी निकाल आणि जास्त बुकिंग, दोन्हींच्या मागे गर्दीच होती.

म्हणून सारख्याची तुलना सारख्याशी करावी लागते. त्यासाठी आम्ही लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असतं, तेव्हा ‘हो’ची संभाव्यता किती, हे ही रीत सांगते. प्रवासाला किती दिवस उरलेत, माणसं किती, रात्री किती, सुट्टी आहे का, आधी किती वेळा शोधलं, हे सगळं मॉडेलला द्यायचं आणि विचारायचं : बाकी सगळं सारखं असताना घरं वाढली तर काय फरक पडतो? आता रेघ सरळ झाली. म्हणजे आधी चढली आणि मग सपाट झाली. एकाऐवजी पाच घरं दिसली तर फरक मोठा. चाळीसऐवजी पंचेचाळीस दिसली तर कोणाला पत्ताही लागत नाही. चढ संपतो ती जागा म्हणजे ‘पुरेसं’. जोडप्यासाठी ती वेगळी, अकरा जणांच्या कुटुंबासाठी वेगळी.

लहान गावांत आणखी एक पेच. केळशीसाठी चारच शोध आले आणि एकही बुकिंग झालं नाही, तर तिथं टंचाई म्हणायची का? नाणं चारदा उडवून ते खोटं ठरवता येत नाही. म्हणून मॉडेल केळशीचा अंदाज बांधताना आंजर्ले, हर्णै या शेजाऱ्यांकडून थोडी उसनवारी करतं, आणि तिच्या स्वतःच्या नोंदी वाढतील तशी ती सोडत जातं.

शेवटी उरते वजाबाकी. समजा, चाळीस शोधांत बुकिंगची संभाव्यता आज दर शोधाला ०.०५ आहे आणि पुरेशी घरं असती तर ०.१५ झाली असती. म्हणजे दोनऐवजी सहा. हुकलेली बुकिंग चार. गावं आणि तारखांप्रमाणे अशी यादी लावून मी ती नवी घरं मिळवायला गावोगाव फिरणाऱ्या सहकाऱ्याकडे देतो.

एकदा यादीत सगळ्यात वर गणपतीचे दिवस आले. त्यानं एका आजींना फोन लावला. “गणपतीत घर भाड्यानं?” त्या म्हणाल्या, “अरे बाबा, मग मुंबईची माझी मुलं निजायची कुठं?” चाकरमानी घरी येतात, तेव्हा कोकणातलं घर आधीच भरलेलं असतं. माझी टंचाई गणितानं खरी होती, पण ती भरून निघणारी नव्हती. तेव्हापासून यादीत ‘ही टंचाई भरून निघेल का?’ असा एक रकाना वाढवला आहे. तो मी भरत नाही, फोन करणारा भरतो.

हर्णैच्या त्या अकरा जणांचीही ओळ त्याच्याकडे गेली होती. त्या रकान्यात त्यानं लिहून पाठवलं : “मुरूडला दोन भावांची घरं आहेत, अंगण एकच. एकात सहा राहतात, दुसऱ्यात सहा.”

दोन्ही घरं आमच्या यादीत होती. त्या शनिवारी दोन्ही रिकामी होती. पण ‘अकरा’ म्हटल्याबरोबर आमच्या फिल्टरनं दोन्ही गाळून टाकली होती.