घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे? कारागिराने आधी हिशेब मांडावा

हिंगोली तालुक्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. म्हणजे हे गाव एका कारागिराच्या घराण्यामुळेच ओळखले जाते. आषाढी वारी आटोपल्यानंतर परतवारी एकादशीला येथे मोठी गर्दी होते. बांगड्या, खेळणी, भांडी, तयार कपडे विकणाऱ्यांचे ते कमाईचे दिवस. एरवी कमाई शेतीच्या हंगामावर चालते. सोयाबीन निघाले की दिवाळीच्या सुमारास गिऱ्हाईकाच्या हातात पैसा येतो, हळद विकली की उन्हाळ्यात येतो. मधले महिने बहुतांशी उधारीचे.

अशा गावात शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग किंवा किरकोळ दुकानदारी करणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न हमखास येतो. लग्न झालेले असते, मुले शाळेत जाऊ लागलेली असतात, वडिलांच्या घरात भावांची दाटी झालेली असते. मग थोडीफार शिल्लक जमली की घरातून तगादा सुरू होतो, "किती दिवस दुसऱ्याच्या घरात राहायचे?" तगादा चुकीचा नाही. स्वतःच्या छपराखाली माणूस निर्धास्त झोपतो. परंतु घाईघाईने घेतलेल्या घरापायी चालता धंदा बसल्याचीही उदाहरणे आपल्या समाजात कमी नाहीत. म्हणून या प्रश्नाचा हिशेब येथे मांडत आहोत.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल नरसीतील एक शिंपी घेऊ, जो शिवणकामाबरोबर तयार कपडेही विकतो. आकडे आम्ही केवळ हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, त्याच्या राहत्या घराचे भाडे महिना २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये आहे. तसेच घर विकत घ्यायचे तर १० लाख रुपये लागतात. त्याच्याजवळ ५ लाख आहेत. त्यांपैकी ३ लाखांचा माल दुकानात आहे आणि २ लाख रोख बाजूला आहेत. घर घ्यायचे म्हणून त्याने मालातले ३ लाख काढले, तर काय होईल? तो माल वर्षातून ४ वेळा फिरत असेल आणि दर फेरीला शेकडा १२ सुटत असतील, तर वर्षाची १,४४,००० रुपयांची मिळकत थांबते. माल कमी झाला म्हणून दुकानभाडे, वीज किंवा मदतनिसाची मजुरी कमी होत नाही. म्हणजे ३०,००० रुपयांचे भाडे वाचवायला निघालेला माणूस लाखाच्या पुढचे उत्पन्न गमावून बसतो.

उरलेले ५ लाख बँकेकडून घेतले असे धरू. शेकडा ९ दराने १५ वर्षांसाठी कर्ज घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७१ रुपये येतो. १५ वर्षांत ९ लाख १३ हजारांच्या आसपास रक्कम भरावी लागते. त्यातील ४ लाख १३ हजार निव्वळ व्याज. शिवाय हप्ता दर महिन्याला भरावा लागतो आणि कमाई येते हंगामाला, ही अडचण वेगळीच.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाडे दरवर्षी शेकडा ५ ने वाढत गेले, तर हाच शिंपी १० वर्षांत सुमारे ३ लाख ७७ हजार आणि १५ वर्षांत सुमारे ६ लाख ४७ हजार रुपये भाडे भरतो. पंधराव्या वर्षी महिन्याचे भाडे ४,९५० रुपयांवर गेलेले असते आणि हाती घर नसते. तेव्हा भाड्याने राहणे स्वस्त आहे असे म्हणून स्वस्थ बसणारा माणूसही फसतो. धंद्याचे भांडवल शाबूत ठेवायचे म्हणून भाड्याने राहिलो, पण वाचलेला पैसा लग्नकार्याच्या थाटात आणि मोटारसायकलच्या हप्त्यांत गेला, तर त्या भाड्याने राहण्याचा उपयोग काय?

आमचे मत असे की, ज्या पैशावर धंदा चालतो तो पैसा भिंतीत घालू नये. घर नफ्यातून व्हावे, भांडवलातून नव्हे. दुकानातील माल, हत्यारे, मशीन यांना हात न लावता आणि सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक ठेवून घर होत असेल, तर जरूर घ्यावे. तसे होत नसेल तर भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. जे बांधव आठवडी बाजार करीत सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत असे फिरतात, ज्यांचा धंदा नवा आहे, किंवा ज्यांची मुले शिक्षणासाठी दोन-चार वर्षांत शहरात जाणार आहेत, त्यांनी तर घाई करूच नये. खेड्यातले घर विकायला काढले की गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आधी दुकानाची जागा

दुकान आणि घर दोन्ही भाड्याचे असून पैसा एकाच जागेपुरता असेल, तर आधी दुकानाची जागा पक्की करावी. राहते घर सोडावे लागले तर मागच्या गल्लीत दुसरे मिळते. दुकान सोडावे लागले तर बसलेले गिऱ्हाईक तुटते, आणि देवस्थानाच्या वाटेवरची जागा पुन्हा हाती येत नाही. पुढे दुकान, मागे राहते घर, ही आपल्या वाडवडिलांची पद्धत याच शहाणपणातून आलेली आहे. अशी जागा मिळाली तर एकाच खर्चात दोन भाडी वाचतात.

भाड्याने राहणाऱ्यांनी

मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. या कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको, ही समजूत या कायद्याच्या क्षेत्रात चुकीची आहे. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, त्यानंतरच दावा लावता येतो. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे.

परंतु हा कायदा त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. नरसीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात त्याचे संरक्षण गृहीत धरू नये. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या कलम १०६ प्रमाणे मुदतीचा लेखी करार नसलेले घर किंवा दुकान १५ दिवसांच्या नोटिशीवर खाली करून मागता येते. वीस वर्षांची ओळख आहे, मालक भला आहे, म्हणून तोंडी व्यवहारावर राहणाऱ्या दुकानदारांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मालक भला असतो. पण त्याच्या पश्चात मुलगा येतो. म्हणून तीन किंवा पाच वर्षांचा करार करून तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्यावा आणि दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहावी.

आणखी एक गोष्ट. दोन-तीन लाख रुपये मालकाला द्यायचे, भाडे द्यायचे नाही आणि घर सोडताना तेवढीच रक्कम परत घ्यायची, असे व्यवहार अनेक ठिकाणी चालतात. कर्ज देऊन त्या बदल्यात घराचा फुकट वापर, असे त्याचे स्वरूप असल्याने बहुतेक उलेमा तो व्याजाचाच प्रकार मानतात. धर्माचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मालकाने पैसे खर्च केले तर ते परत मिळण्याची हमी नसते.

विकत घेणाऱ्यांनी

गावठाणातील घर घेताना ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ दाखवला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. नमुना ८ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. केंद्र सरकारच्या २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपण घेत असलेल्या घराची पत्रिका झाली आहे काय व ती कोणाच्या नावाने आहे, हे आधी पाहावे.

शंभर रुपयांच्या बॉण्डवर झालेली खरेदी ही खरेदी नव्हे. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. शेतातला गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांनी १९४७ चा तुकडेबंदी कायदा व अकृषिक परवानगी यांची चौकशी करावी. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नये. जमीन मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानच्या इनामाची असेल तर तिच्यापासून दूरच राहावे. वक्फची मिळकत विकता येत नाही. शंका असल्यास छत्रपती संभाजीनगर येथील वक्फ मंडळाच्या दप्तरात खात्री करावी.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातल्या घरात असतो. घर आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि सही फक्त भावांची! समजा, वडील वारले, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. वारसा कायद्याप्रमाणे घराचे ४० भाग केले तर आईचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. दोघा भावांनीच सह्या केल्या तर २८ भागांचीच विक्री झाली. १२ भाग बाहेर राहिले. दहा लाखांच्या घरात हे ३ लाख होतात. उद्या बहिणीने हक्क मागितला तर ती चुकली असे कोणी म्हणू शकणार नाही. घेणाऱ्याने आई व बहिणीची सही आणि त्यांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्या हातात पडल्याची खात्री, दोन्ही करून घ्यावे. विकणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे.

याच ओघात, घरासाठी पत्नीचे दागिने मोडत असाल तर ते तिचे धन आहे हे विसरू नये. तेवढ्या हिश्श्यापुरते तिचे नाव खरेदीखतात यावे. संपूर्ण खरेदी महिलेच्याच नावे केली तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली आहे.

व्याजाविना घर

व्याज टाळू पाहणाऱ्यांना घर होत नाही असे नाही. वेळ मात्र लागतो. रोजच्या गल्ल्यातून १०० रुपये बाजूला काढले तर ५ वर्षांत १,८२,५०० रुपये होतात. आपल्या उदाहरणातील शिंप्याच्या २ लाखांत ते मिळवले तर ३,८२,५०० होतात आणि दुकानातील माल जागच्या जागी राहतो. आधी जागा, मग पाया, मग दोन खोल्या, अशा क्रमाने एवढ्या पैशात सुरुवात करता येते. विश्वासातल्या दहा-बारा जणांची बिनव्याजी भिशी चालते. पण बोली लावून रक्कम उचलण्याची भिशी नको.

विकणारा तयार असेल तर एकच किंमत ठरवून ती हंगामानुसार हप्त्याने द्यावी. दिवाळीला एक हप्ता, हळदीच्या पैशावर दुसरा. साठेखत मात्र नोंदवावे आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. भावाने किंवा मित्राने भागीदारीत घर घेऊन दिले, तर राहणाऱ्याने त्याच्या हिश्श्याचे भाडे द्यावे व जमेल तसा तो हिस्सा विकत घेत जावे. शेवटी घर एकाचे होते आणि दुसऱ्याचेही नुकसान होत नाही. घरासाठी जमवलेली रोकड निसाबाएवढी असून तिच्यावर वर्ष लोटले तर तिची जकात निघते. राहत्या घरावर जकात नाही. तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

घर पाहावे बांधून, असे म्हणतात ते खोटे नाही. बांधायला निघाल्यावरच खर्चाची वाट कळते. म्हणून निर्णयाआधी एका रात्री दुकानाची वही घेऊन बसावे. वर्षाचे भाडे, मालावर सुटणारा नफा, देणी आणि येणी एका कागदावर लिहावी आणि तो कागद घरातील मंडळींनाही वाचून दाखवावा. मालाला हात न लावता घर होत असेल तर बयाणा द्यावा. होत नसेल तर मालकाशी लेखी करार करून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दुकान उघडावे. ते दुकान चालत राहिले, तर आज ना उद्या घर त्यातूनच उभे राहील.